वाचकांचे प्रश्न : घरी निघालेल्या माणसांचा चित्रपट

गेल्या अंकात या सदरात ‘पाउवी ना’ या फिलिपिनो चित्रपटाविषयी थोडेसे लिहिले होते. मनिला शहराच्या झोपडवस्तीत राहणारा पेपे नावाचा म्हातारा पेडिकॅबवाला (म्हणजे बैठक जोडलेली सायकल चालवणारा), त्याची बायको रेमेडिओस, मुलगा, मुलगी, अंध आणि गरोदर सून आणि त्यांचा कुत्रा असे सारे कुटुंब पेडिकॅबवर संसार लादून बिकोल या आपल्या मूळ प्रदेशाकडे निघते, एवढेच त्याचे कथानक आहे. पाओलो विल्यालुना यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कल्पना वर्तमानपत्रातील एका खऱ्या बातमीवरून सुचलेली आहे. 2017 साली शांघायच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ‘गोल्डन गॉब्लेट’ पुरस्कार मिळाला. त्या मजकुरावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. चित्रपटाचा शेवट विचारणाऱ्या वाचकांनी मात्र क्षमा करावी. तो पाहूनच कळावा, अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : चित्रपट पाहिल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. गावी गेल्यावर पोट कसे भरायचे, हे या माणसांना तरी कुठे ठाऊक आहे? मग एवढे हाल सोसून ती जातात कशासाठी? (एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर)

ताई, तुमचा प्रश्न या चित्रपटाच्या मुळाशीच हात घालणारा आहे, म्हणून त्याला सर्वांत आधी आणि सविस्तर उत्तर देतो.

आधी ‘एवढे हाल’ म्हणजे नेमके किती, ते पाहू. आपल्याकडे पेडिकॅब नाही. साध्या सायकलच्या एका अंगाला चाक लावलेली छोटी बैठक जोडायची आणि वर पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छत घालायचे, की पेडिकॅब झाली. तिचे काम गल्लीबोळातले असते. बाजारातून पिशव्या घेऊन निघालेल्या बाईला घरापर्यंत सोडावे किंवा शाळेच्या मुलांना जीपनीच्या, म्हणजे तिकडच्या प्रवासी जीपगाडीच्या, थांब्यावर न्यावे, अशा अर्ध्या-एक किलोमीटरच्या फेऱ्यांसाठीच ती असते. मनिलाहून बिकोलमधल्या नागा शहरापर्यंत रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर अंतर भरते, म्हणजे जवळजवळ आपल्या कोल्हापूर-मुंबईएवढे. लेगाझपी गाठायचे तर त्याहूनही पुढे जावे लागते. वाटेत केझोन प्रांतात घाट लागतो आणि तिथल्या एका जुन्या वळणावळणाच्या रस्त्याला लोक ‘बितुकांग मानोक’, म्हणजे कोंबडीचे आतडे, असे म्हणतात. भरल्या संसारासह सायकलवरून खंबाटकी आणि बोरघाट ओलांडायचा विचार करून पाहा, म्हणजे या प्रवासाची कल्पना येईल. एका बाजूला ओझे असलेली सायकल त्याच बाजूला ओढ घेते, चढाला पायडल फिरत नाही, सगळ्यांना उतरून ढकलावे लागते, आणि उतारावर तर जीव मुठीत धरूनच बसावे लागते.

आता ‘कशासाठी’ याविषयी लिहितो. चित्रपटाच्या नावातील ‘उवी’ हा फिलिपिनो शब्द फार मोलाचा आहे. त्याचा अर्थ नुसते परतणे असा नाही. तो आपल्या घरी परतणे असा आहे. दुसऱ्याच्या घरी किंवा परक्या गावी परत जाण्यासाठी वेगळा शब्द वापरतात. ‘पाउवी ना’ म्हणजे ‘घराकडे निघालोच आहोत’, अर्थात पोहोचलेलो नाही, पण तोंड तिकडे वळले आहे. मराठीत ‘परतीला लागलो’ असे आपण म्हणतो, ते याच्या बरेच जवळ जाते. पेपेच्या मनात गावी गेल्यावर काय मिळेल याचा हिशोब नसेलच असे मी म्हणत नाही. परंतु तो निघतो तो त्या हिशोबाच्या बळावर नाही, असे मला चित्रपट पाहताना सतत वाटत राहिले.

येथे घरातली एक आठवण सांगावीशी वाटते. माझे चुलते लालबागच्या एका कापड गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षी उन्हाळ्यात ते काकू आणि तीन मुलांसह कागल तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे आले. एक ट्रंक, गोधडीत गुंडाळलेला रॉकेलचा स्टोव्ह आणि एक कळशी एवढेच सामान त्यांच्याबरोबर होते. गावात त्यांच्या वाट्याला चार भावांत मिळून दीड एकर कोरडवाहू जमीन होती, म्हणजे जवळजवळ काहीच नव्हते, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या रानात काम केले. परंतु एस.टी.तून उतरल्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत जेवढी माणसे भेटली, त्या प्रत्येकाने त्यांना ‘कधी आलास?’ एवढेच विचारले. ‘कशाला आलास?’ असे कोणीही विचारले नाही. काकू हे पुढे कितीतरी वर्षे सांगत असत. मुंबईत शेवटचे काही महिने घरमालकापासून वाण्यापर्यंत ज्याला-त्याला त्यांनी खुलासे दिले होते. इथे खुलासा द्यावा लागला नाही. पेपेच्या कुटुंबाला मनिलात तो पोटासाठी आणि पोलिसांपुढेही रोजच द्यावा लागतो, आणि मला वाटते, तो न द्यावा लागणाऱ्या जागेकडेच ते निघालेले आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फिलिपिन्समध्ये घरी परतणाऱ्या माणसाचा मोठा मान असतो. परदेशी नोकरी करून मायदेशी येणाऱ्याला ‘बालिकबायान’ म्हणतात. त्यांच्यासाठी सरकारने 1973 पासून खास सवलती दिल्या, आणि अशा पाहुण्याने घरच्यांसाठी भेटवस्तूंनी भरलेले खोके आणावे, ही रीतच पडून गेली. जवळच्या प्रवासाहून येतानाही ‘पासालुबोंग’, म्हणजे घरच्यांसाठी काहीतरी, आणायचे असते. आपल्याकडे गणपतीला येणाऱ्या मुंबईकराच्या पिशवीकडे मुले बघतात, तसेच ते आहे. अशा देशात रिकाम्या हाताने घरी निघणे किती जड असेल, ते तुम्हांला सांगायला नको.

प्रश्न : पेपेचे काम करणारा नट कोण? त्याचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. (निवृत्त बँक कर्मचारी, शाहूपुरी)

ते बेम्बोल रोको आहेत, आणि आपण त्यांना पाहिले असेल तर ते बहुधा फिलिपिनो दिग्दर्शक लिनो ब्रोका यांच्या 1975 सालच्या ‘माय्निला : सा मगा कुको नांग लिवानाग’ (म्हणजे, प्रकाशाच्या नख्यांत सापडलेली मनिला) या चित्रपटात. त्यात त्यांनी खेड्यातून आपल्या हरवलेल्या प्रेयसीला शोधत मनिलात आलेल्या हुलियो या तरुण कोळ्याची भूमिका केली होती. त्या चित्रपटाची प्रत नव्याने दुरुस्त करून 2013 साली फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवली गेली, त्यामुळे तो आता चांगल्या स्वरूपात पाहायला मिळतो.

ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या नटाच्या चेहऱ्यावर फिलिपिनो प्रेक्षकांनी शहरात येणारा तरुण पाहिला, त्याच नटाच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर चार दशकांनंतर ते शहर सोडणारा म्हातारा पाहतात. शहराकडे जाण्याच्या कथा चित्रपटांनी पुष्कळ सांगितल्या आहेत. त्यांतली एक तर आपल्याच गावात घडली : बाबूराव पेंटर यांनी 1925 साली कोल्हापुरात केलेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, आणि ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. बिमल रॉय यांच्या 1953 सालच्या ‘दो बिघा जमीन’मधला शंभू त्याच वाटेने कोलकात्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. हे सगळे रस्ते शहराकडे जाणारे आहेत. गाडीचे तोंड उलट फिरवून सगळा चित्रपट त्या परतीच्या रस्त्यावरच ठेवण्याचे धाडस विल्यालुना यांनी केले, याचे मला विशेष वाटते. पत्नीच्या भूमिकेतील चेरी पाय पिकाचे यांचे कामही तितक्याच तोलाचे आहे, ते आवर्जून पाहावे.

प्रश्न : शेतीवरच्या चित्रपटांच्या महोत्सवात हा चित्रपट होता, असे तुम्ही लिहिले होते. यात शेत कुठे आहे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कागल)

होय, 2016 साली सुरू झालेल्या ‘टोफार्म’ या महोत्सवाच्या पहिल्याच वर्षीच्या सहा चित्रपटांत तो होता. यात शेत नाही, शेत सोडून आलेली माणसे आहेत. शेतीचा हिशोब करताना तीही धरावी लागतात, असे निवड करणाऱ्यांना वाटले असणार, आणि मला ते पटते.

प्रश्न : परदेशी महोत्सवांत बक्षिसे मिळवण्यासाठी आपल्या देशाचे दारिद्र्य दाखवायचे, हे योग्य आहे का? (एक व्यावसायिक, इचलकरंजी)

हा आक्षेप फिलिपिन्समध्येही जुना आहे. तेथील हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीला ब्रोका यांच्या ‘इन्सियांग’मधील मनिलाची झोपडपट्टी खुपली होती, आणि तोच चित्रपट 1978 साली कानमध्ये दाखवला गेला. अलीकडे तर तेथील चित्रपटकर्त्यांनी स्वतःलाच हा प्रश्न विचारला. ‘आंग बाबाए सा सेप्टिक टँक’ या 2011 सालच्या चित्रपटात तीन तरुण महोत्सवांवर डोळा ठेवून एका गरीब आईची कथा कशी रचतात, हे दाखवले आहे. म्हणजे आपली शंका अस्थानी नाही.

परंतु माझी कसोटी अशी आहे की, पडद्यावरच्या गरीब माणसाला दारिद्र्याखेरीज दुसरे काही आहे की नाही, ते पाहावे. या कुटुंबात भांडणे आहेत, चिडवाचिडवी आहे, हौस आहे, चोरी करणारा मुलगा आहे आणि त्याच्यावर जीव टाकणारी आई आहे. आपण त्यांची कीव करत बसावे, एवढी उसंत चित्रपट देतच नाही. ज्या चित्रपटात गरिबाला नुसते उपाशी आणि गप्प बसवलेले असते, त्याच्याविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. हा तसा नाही.

प्रश्न : अंध सुनेशी येशू ख्रिस्त बोलतो, हे इतक्या वास्तव चित्रपटात विसंगत वाटले. (शिक्षिका, गडहिंग्लज)

बाई, आपल्या विद्यार्थ्यांना आपण जनाबाई शिकवत असाल. विठ्ठल तिला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, आणि त्यात आपल्याला विसंगत काही वाटत नाही, कारण राबणाऱ्या बाईच्या एकटेपणात देव असाच येतो, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. फिलिपिन्समध्ये 1565 पासून तीनशेहून अधिक वर्षे स्पॅनिश सत्ता होती, आणि आजही तेथील दर पाच माणसांतली जवळजवळ चार कॅथलिक आहेत. दर 9 जानेवारीला मनिलाच्या कियापो भागात क्रूस वाहणाऱ्या काळ्या येशूची मिरवणूक निघते, तेव्हा लाखो भाविक अनवाणी येतात आणि रथाच्या दोराला हात लागावा म्हणून धडपडतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीला हात लावायला धडपडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे परके वाटू नये. त्या येशूलाही ओझे घेऊन रस्त्याने चालावे लागलेले आहे. त्यामुळे या कुटुंबात जिला डोळ्यांनी काहीच दिसत नाही, तिलाच तो सोबतीला दिसावा, ही गोष्ट मला वास्तवाला सोडून वाटली नाही.

प्रश्न : मी एका साखर कारखान्याच्या शेती विभागात काम करतो. आमच्या भागात बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोपी आहेत. हंगाम संपून पट्टा पडला, की ती माणसेही बैलगाडीवर आणि ट्रॅक्टरवर संसार लादून अशीच परतीला लागतात. त्यांना हा चित्रपट दाखवावा असे मनात आहे. त्यांना तो रुचेल का? (शिरोळ तालुका)

आपले पत्र वाचून फार बरे वाटले. रुचेल, असे मला वाटते, कारण या कथेतील कोणतीही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. बायको-नवरा मिळून एक कोयता धरला जाणारी, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत परगावच्या फडात राबणारी ही माणसे दरवर्षी हा प्रवास करतात. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, तेव्हा तर त्यांतली कित्येकजण आपल्या भागात अडकून पडली होती आणि घरी सोडा म्हणून विनवत होती. अवघडलेल्या सुनेला गाडीवर बसवून नेणे म्हणजे काय, हे त्या बायकांना आपल्याहून अधिक कळते.

अडचण भाषेची आहे. खालच्या इंग्रजी ओळी तेथे उपयोगाच्या नाहीत. म्हणून आपण स्वतः दोनदा चित्रपट पाहून ठेवा आणि पडद्याशेजारी उभे राहून मराठीतून सांगत जा. मूकपटांच्या काळात काही थिएटरांत असे सांगणारा माणूस असायचा. प्रत्येक वाक्य सांगण्याची गरज नाही, नाती आणि गावांची नावे सांगितली तरी पुरे होईल. शेवटच्या आठवड्यात हा कार्यक्रम ठेवू नका, तेव्हा मुकादमाशी हिशोब चाललेले असतात आणि कोणाचेच मन थाऱ्यावर नसते. दोन-तीन आठवडे आधीचा दिवस धरा. माणसे पहाटे तीन-चारला फडावर जातात, तेव्हा अंधार पडताच सुरू करून जेवणाच्या वेळेला मध्यंतर घ्या. आणि पडदा बैल बांधलेल्या बाजूला लावू नका, उजेडाने आणि आवाजाने ते बुजतात. खोपींच्या मागच्या मोकळ्या रानात लावा.