वाचकांचे प्रश्न : डोमेन बाहेर जाताना

प्रश्न : वेबसाइटची नावे (डोमेन) नोंदवून देणाऱ्या एका कंपनीचे, म्हणजे रजिस्ट्रारचे, मदतकेंद्र आम्ही बेळगावातून चालवतो. ग्राहक डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेऊ लागला की ती विनंती आमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये येते. ‘अप्रूव्ह’, ‘रिजेक्ट’ आणि ‘क्वेरी’ अशी तीन बटणे आहेत. खानापूर, गोकाककडून येणाऱ्या नव्या मुलांसाठी मला माहितीपुस्तिका लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?
— वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बटणांपासून करू नका. कोणीच काही दाबले नाही तर काय होते, हे पहिल्या पानावर लिहा. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनना आयकॅन या इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या जागतिक संस्थेचे हस्तांतर धोरण लागू आहे. त्यात जुन्या रजिस्ट्रारला, म्हणजे तुम्हाला, उत्तरासाठी ५ दिवस मिळतात. उत्तर गेले नाही तर हस्तांतर आपोआप मंजूर होते. म्हणजे ‘अप्रूव्ह’ने काम फक्त लवकर उरकते. खरी जबाबदारी ‘रिजेक्ट’ची आहे, आणि पुस्तिकेतली बहुतेक पाने त्यालाच द्या.

हे ५ दिवस कॅलेंडरचे. रविवार, गणपती, १ नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी, सगळे त्यात धरले जाते. शिवाय रजिस्ट्रीचे, म्हणजे डॉट कॉमसारख्या एकेका विस्ताराची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेचे, घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते, आपण साडेपाच तास पुढे. ३ तारखेला यूटीसी २०:०० वाजता आलेल्या विनंतीची मुदत ८ तारखेला २०:०० वाजता संपते, तेव्हा बेळगावात ९ तारखेचे पहाटेचे दीड वाजलेले असतात. पडद्यावर नुसती ‘९’ दिसली की माणूस ९ तारखेला सकाळी येऊन बघतो, तोवर डोमेन गेलेले असते. म्हणून मुदत तारीख आणि वेळ दोन्हींसह, भारतीय वेळेत दाखवायला सॉफ्टवेअर करणाऱ्यांना सांगा आणि तसेच चित्र पुस्तिकेत घाला.

विनंती आल्यापासून २४ तासांच्या आत नोंदणीधारकाला खातरजमेचा ई-मेल गेलाच पाहिजे. तो आपोआप जात असेल, तर गेला की नाही हे कुठे पाहायचे ते लिहा. धारक ‘हो’ म्हणाला तर अप्रूव्ह करा. ‘नाही’ म्हणाला तर त्याचे लेखी उत्तर जोडून रिजेक्ट. गप्प राहिला तर हात लावू नका. उत्तर न येणे हे नकाराचे कारण होत नाही.

नकाराची कारणे मोजकीच आहेत : फसवणुकीचा पुरावा, धारकाच्या ओळखीबद्दल रास्त वाद, धारकाचा स्पष्ट आक्षेप, नोंदणीला किंवा मागच्या हस्तांतराला ६० दिवस पूर्ण न होणे, आणि मुदत संपलेल्या डोमेनचे मागच्या काळाचे पैसे थकणे. यूडीआरपीचा, म्हणजे ट्रेडमार्कवरून डोमेनच्या हक्काचा, वाद चालू असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर नकार द्यावाच लागतो. होस्टिंगचे किंवा वेबसाइट बनवल्याचे बिल थकले म्हणून डोमेन अडवता येत नाही. हे वाक्य ठळक छापा. वसुलीच्या भरात नेमकी हीच चूक होते, आणि ती ग्राहकावर अन्याय करणारी आहे.

चुकांच्या पानावर रजिस्ट्रीकडून येणारा २३०१ हा कोड आधी घ्या. त्याचा अर्थ, या डोमेनचे हस्तांतर आता प्रलंबित नाही : सहकाऱ्याने आधीच निकाल दिला, नव्या रजिस्ट्रारने विनंती मागे घेतली किंवा मुदत संपली. बटण पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही. ‘क्वेरी’ दाबून स्थिती वाचायची. ‘क्लायंट अप्रूव्हड’ म्हणजे आपल्याकडून मंजूर, ‘सर्व्हर अप्रूव्हड’ म्हणजे मुदतीमुळे. चुकून अप्रूव्ह झालेले हस्तांतर याच पडद्यावरून परत फिरवता येत नाही, नव्या रजिस्ट्रारला गाठावे लागते. तेव्हा अप्रूव्हच्या आधी डोमेनचे नाव हाताने टाइप करायची पायरी असेल, तर ती का आहे हेही लिहा, नाहीतर कंटाळून कोणीतरी ती काढायला लावेल.

प्रश्न : डॉट भारतमधली मराठी नावे नोंदवहीत ‘एक्सएन’ने सुरू होणारी विचित्र अक्षरे होऊन दिसतात. आणि पुस्तिका मराठीत असावी की कन्नडमध्ये?
— वाचक, निपाणी

उत्तर : डीएनएस, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी यंत्रणा, रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ यांवरच चालते, म्हणून देवनागरी नावाचे असे रूपांतर होते. कन्नड लिपीतला ‘भारत’ हा वेगळा विस्तार आहे. नाव तेच असले तरी डोमेन दोन. डोळ्यांनी ताडू नका, रूपांतरित नाव कॉपी करूनच शोधा. देशाच्या विस्तारांना (डॉट इन, डॉट भारत) आयकॅनचे वरील धोरण लागू नसते, रजिस्ट्रीचे आपले नियम असतात. त्यांचे पान वेगळे ठेवा. पुस्तिका दोन्ही भाषांत करा, पण बटणांची नावे पडद्यावर आहेत तशीच ठेवा. ‘अप्रूव्ह’चे ‘मान्यता’ केले की नवा मुलगा ते बटण शोधत बसतो.