गाडीभाड्याचे 240 रुपये

भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. वय 54, सिन्नरकडची वडिलोपार्जित शेती, आई आधीच गेलेली, वडील 2014 ला गेले, तुम्ही दोघंच भावंडं, पुढच्याच वर्षी ताईकडून हक्कसोडपत्र करून घेतलं, मग समृद्धी महामार्गात जमीन गेली आणि तुमच्याच शब्दांत "थोडेफार पैसे आले". आता रात्री 3 ला जाग येते, बीपीची गोळी सुरू झाली, इगतपुरीला 10 दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलात तरी मनाला शांती नाही, काय करू म्हणताय.

आणि मध्येच कंसात लिहून गेलात, की ताईला सहीला बोलावलं तेव्हा जाऊन-येऊन एसटीचं भाडं 240 रुपये मीच दिलं.

मी तिथंच अडकले बघा. मोबदल्याचा आकडा लिहायला हात धजला नाही, तो "थोडेफार" झाला, आणि इतक्या वर्षांपूर्वीचं तिकीट मात्र रुपयासकट पाठ! म्हणजे आत कुठेतरी खतावणी चालूच आहे की, आणि जमेच्या बाजूला लिहायला तुम्हाला तेवढंच सापडलंय.

हक्कसोडपत्र कायदेशीर आहे का विचारलंत. रजिस्टर केलंय, तिने स्वतः सही केलीय, तर असेलच. पण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेल्या मुलीचाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा असतो, हे माहीत होतं म्हणूनच तर सही लागली ना? ताई काही बोलत नाही, राखीला अजून येते, हे मला सांगू नका. राखीला आली की तुम्हालाच घास गिळत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय.

आता दुसरं शिबिर नको. मौन तर तुम्ही 2015 पासून पाळताय. येत्या रविवारी पासबुक घेऊन ताईकडे जा, तिच्यासमोर उघडून ठेवा, आकडा तोंडाने सांगा आणि निम्म्याचा चेक लिहा. साडी नको, भाच्याच्या लग्नात बघू हेही नको. भावाने बहिणीला दिलेल्या पैशावर तिला इन्कम टॅक्स लागत नाही, त्यामुळे तीही सबब गेली. पैसे घरात, ट्रॅक्टरमध्ये गुंतलेत म्हणाल तर हप्त्याने द्या, पण आकडा पूर्ण सांगा. वहिनी काय म्हणतील ते परत आल्यावर ऐका.

ताई रडेल, चार शब्द ऐकवेल, नाहीतर चेक परत करेल. परत केला तर देव्हाऱ्यात ठेवून या, खिशात घालू नका.

आणि हो, त्यातून ते 240 वजा करू नका.