स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार झालेला बलून

छाती न उघडता हृदयावर उपचार करणाऱ्या डॉक्टरची कारकीर्द कशी घडते आणि तिच्यात हाताच्या कसबाचा वाटा किती असतो, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नसून कॅथ लॅबमधला, म्हणजे धमनीतून नळी घालून हृदयाची तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीतला, तंत्रज्ञ आहे. तरीही उत्तरादाखल मला एकच नाव सुचते, ते आंद्रेयास ग्रुंट्झिग यांचे.

१९३९ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मलेले हे जर्मन डॉक्टर पुढे झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाले. तेथे नोकरी सांभाळून ते रात्री घरच्या स्वयंपाकघरात, पत्नी आणि एका सहकारी दांपत्याच्या मदतीने, अरुंद झालेली धमनी आतून रुंद करता यावी म्हणून बारीक नळ्यांवर बलून बसवण्याचे प्रयोग करत. खरी अडचण होती ती रबराची. रबरी फुगा अरुंद जागी दबतो आणि जिथे अडथळा नाही अशा दोन्ही बाजूंना फुगतो, म्हणजे नेमके नको तेच होते. पीव्हीसी या प्लास्टिकचा बलून मात्र ठरलेल्या आकारापलीकडे जात नाही, त्यामुळे सारा दाब अडथळ्यावरच पडतो. आजही सीलबंद पाकिटातून बलून काढून पंपावरच्या दाबाच्या काट्याकडे पाहताना मला हीच गोष्ट आठवते, कारण साहित्य बदलले असले तरी तत्त्व तेच आहे.

१९७४ पासून त्यांनी पायाच्या धमन्यांवर हात बसवला, कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये, शल्यविशारदांना तयारीत ठेवून, ३८ वर्षांच्या एका जाग्या रुग्णाच्या हृदयधमनीत बलून फुगवला. ही पहिली कॉरोनरी अँजिओप्लास्टी, म्हणजे बलूनने हृदयधमनी रुंद करण्याचा उपचार.

माझ्या मते त्यांचा मोठेपणा मात्र त्यानंतरच्या वागण्यात अधिक दिसतो. १९७९ साली त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला, तेव्हा ३२ जणांमध्येच यश आले हे त्यांनी झाकून ठेवले नाही. त्याआधी १९७८ पासूनच ते देशोदेशींच्या डॉक्टरांना झुरिकला बोलावून पडद्यावर थेट शस्त्रक्रिया दाखवू लागले होते. चूक झाली तर ती सर्वांसमक्ष होणार, हे ठाऊक असताना असे करायला छाती लागते. (आमच्याकडे तंत्रज्ञाने साधी वायर वाकवली तरी कुजबूज सुरू होते!)

१९८० मध्ये ते अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, स्वतःच्या छोट्या विमानाच्या अपघातात पत्नीसह त्यांचा मृत्यू झाला. झुरिकच्या त्या पहिल्या रुग्णाची दहा वर्षांनी एमरीमध्येच पुन्हा अँजिओग्राफी (धमन्यांचे क्ष-किरण चित्रण) झाली, तेव्हा त्याची धमनी मोकळी होती. ते चित्र पाहायला ग्रुंट्झिग मात्र नव्हते.