तुमचे प्रश्न: न्यायाची सुरुवात कुठून?

प्रश्न: आमच्या बायबल स्टडीत यहेज्केल ८ आणि ९ चालू आहे. ग्रुपमधले काहीजण म्हणतात की हा इशारा आपल्या बिल्डिंगमधल्या, शेजारपाजारच्या मूर्तिपूजकांसाठी आहे, त्यांचा न्याय होणार, आपण सुटलो. मला हे ऐकून कसंतरीच वाटतं, कारण माझ्या डिलिव्हरीच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलात बसल्या होत्या त्या शेजारच्या काकूच. (एक बहीण, मिरज)

उत्तर: ताई, कसंतरी वाटलं ते बरंच झालं. आता तो अध्याय एकदा नीट उघडा आणि फक्त एवढंच बघा की त्यात माणसं कोण कोण आहेत.

यहेज्केल संदेष्टा तेव्हा बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, खबार नदीच्या काठच्या वस्तीत. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या राजासकट जी मंडळी उचलून नेली त्यातला हा एक, याजकाच्या घरातला. पाच वर्षांनी, म्हणजे ५९२ मध्ये, यहूदाचे वडीलजन त्याच्या घरी बसलेत आणि तेवढ्यात त्याला दृष्टांत होतो, केसांना धरून उचलल्यासारखं थेट यरुशलेमच्या मंदिरात. उत्तरेच्या दरवाज्याशी एक मूर्ती. मग भिंतीला एक भोक, देव म्हणतो खण, खणलं तर आत अंधाऱ्या खोल्या, भिंतीभर सरपटणाऱ्या प्राण्यांची चित्रं, आणि धुपाटणी घेऊन उभे इस्राएलचे सत्तर वडील. मग बाबेलकडच्या तम्मूज देवासाठी रडणाऱ्या बायका. आणि शेवटी मंदिराकडे पाठ करून सूर्याला दंडवत घालणारे पंचवीसएक पुरुष.

यात शेजारचं कुणी दिसलं का? एकही नाही. सगळे घरचेच, तेही पुढच्या बाकावरचे. त्या सत्तरांत एकाचंच नाव दिलंय, शाफानचा मुलगा याजन्या. आता शाफान म्हटलं की योशीया राजाचा चिटणीस आठवतो, ज्याने मंदिरात सापडलेलं नियमशास्त्राचं पुस्तक राजाला वाचून दाखवलं आणि मोठी सुधारणा झाली. हा तोच शाफान असेल तर बापाने पुस्तक वाचलं आणि मुलगा बंद खोलीत धूप जाळतोय, असं झालं! आणि ते सगळे आत काय म्हणत होते, तर परमेश्वर आपल्याला बघत नाही, तो देश सोडून गेलाय. माझ्या मते खरा रोग तिथेच आहे, मूर्ती नंतर आली. आणि लगेच १७ व्या वचनात देव मूर्तींसोबत आणखी एक गोष्ट काढतो, यांनी देश जुलमाने भरलाय. आपल्याकडच्या प्रवचनात हे अर्धं वचन नेमकं गळतं.

नवव्या अध्यायात सहाजण हत्यारं घेऊन येतात, आणि त्यांच्यात एक तागाची वस्त्रं घातलेला, कमरेला लेखकाची दौत. त्याला काम दिलं जातं की शहरातून फिर आणि जे इथल्या अमंगळ कृत्यांमुळे उसासे टाकतात, कण्हतात, त्यांच्या कपाळावर खूण कर. मूर्ती फोडणाऱ्यांच्या नाही हां, कण्हणाऱ्यांच्या. खुणेसाठी मूळ शब्द आहे ताव, हिब्रू वर्णमालेतलं शेवटचं अक्षर, जुन्या लिपीत ते फुलीसारखं काढायचे. बाकीच्यांना हुकूम, खूण नसलेल्यांना मारा आणि सुरुवात माझ्या पवित्रस्थानापासून करा. हे बघून यहेज्केल काही टाळ्या वाजवत नाही, पालथा पडून ओरडतो की उरलेसुरले सगळेच मारणार का?

शेजारच्या राष्ट्रांचा हिशेबही आहे पुस्तकात, २५ व्या अध्यायापासून पुढे. पण अम्मोनवर आरोप काय ठेवलाय ते वाचा. मंदिर भ्रष्ट झालं, यहूदाचे लोक बंदिवासात गेले, तेव्हा हे म्हणाले अहाहा! दुसऱ्याच्या न्यायावर खूश झाले, हा गुन्हा. तुमच्या ग्रुपमध्ये पुढच्या वेळी हे वचन तुम्हीच वाचून दाखवा, आणि काकूंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: यशया ४४ मध्ये सुताराची टिंगल आहे, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करतो. पण कुठलाच भक्त नुसत्या लाकडाला देव मानत नाही ना? मग ही दुसऱ्याच्या श्रद्धेची खिल्ली नाही का? (कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: आहे, खिल्लीच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आणि तू म्हणतोस ते बाबेलच्या लोकांनाही मान्य झालं असतं. त्यांच्याकडे मूर्तीचा मुखप्रक्षालन विधी होता, आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा असते ना, काहीसा तसा. त्यात कारागिरांचे हात लाकडी सुरीने कापल्यासारखं करायचे आणि त्यांनी शपथ घ्यायची की ही मूर्ती मी घडवली नाही, देवांनीच घडवली. म्हणजे सुताराला विधीतूनच पुसून टाकायचं! आणि यशया नेमके तेच कारागीर परत आणून उभे करतो, भुकेला, तहानेला, दमलेला लोहार आणि रंधा मारणारा सुतार.

पण हे कुणाला ऐकवतोय ते बघ. बाबेलच्या पुजाऱ्यांना नाही, आपल्याच बंदिवासातल्या लोकांना, ज्यांचं देऊळ जळालंय, राजा गेलाय, आणि समोर बाबेलचा मुख्य देव मर्दुक याच्या झगमगत्या मिरवणुका निघतायत. हरलेल्या माणसाने हरलेल्यांना धीर द्यायला केलेला विनोद आहे तो. आपण कुणाच्या दारात उभं राहून तोच ऐकवला तर तो विनोद राहत नाही, उद्धटपणा होतो. मला स्वतःला ४४ पेक्षा ४६ वा अध्याय जास्त आवडतो, बाबेलचे देव बेल आणि नबो वाकलेत, दमलेल्या जनावरांच्या पाठीवर ओझं होऊन चाललेत, आणि देव म्हणतो, तुम्ही पोटात होता तेव्हापासून मी तुम्हाला उचललंय, केस पिकले तरी उचलीन. कोण कुणाला उचलतो, एवढाच मुद्दा आहे त्याचा.

प्रश्न: आईकडे प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली आहे, कुणी आजारी पडलं की तेच लावते. मी मूर्तिपूजा म्हटलं तर घरात भांडण झालं. (एक वाचक, पुणे)

उत्तर: दादा, आधी आईची माफी मागा. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं याकोबाच्या पत्रातच आहे. पण पितळी सापाची गोष्टही आहे. मोशेने तो देवाच्याच सांगण्यावरून केला, साप चावलेले लोक त्याच्याकडे बघून वाचले, आणि मग तो जपून ठेवला गेला, ठेवला तो ठेवलाच, हिज्कीया राजाच्या काळापर्यंत लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. नहुश्तान म्हणायचे त्याला. हिज्कीयाने त्याचे तुकडे केले.

तुमची बाटली अजून तिथवर गेलेली दिसत नाही. आईला बीपी-शुगर असेल तर एवढंच बघा की तेल आहे म्हणून गोळ्या बंद होत नाहीयेत ना, आणि बाटली संपली की ती घाबरीघुबरी होते का. होत असेल तर भांडू नका, पुढच्या वेळी तेल न लावता तिच्याजवळ बसून नुसती प्रार्थना करा.