‘ए माले’ ही हाक अजून ऐकू येते

ताई, मी ४३ वर्षांचा. गाव पारोळ्याकडचं. आठवीत शहरातल्या शाळेत गेलो. पहिल्याच आठवड्यात फळ्यापुढे उभं केलं, तेव्हा ‘सर, माले येत नही’ असं अहिराणीत तोंडातून निघालं. वर्ग हसला, सरही हसले. दहावीपर्यंत माझं नाव ‘माले’च पडलं. डब्यातल्या कळण्याच्या भाकरीवरून, बोलण्याच्या हेलावरून रोज काहीतरी. आज बँकेत आहे, तरी मीटिंगमध्ये बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. वाक्य आधी कागदावर लिहून घेतो. आता बॅचचं स्नेहसंमेलन आहे. ग्रुपवर त्याच मुलाने ‘माले, येतोस ना?’ असं टाकलंय. बायकोला यातलं काही माहीत नाही. इतकी जुनी गोष्ट, ती हसेल. आणि परवा माझी नऊ वर्षांची मुलगी आजीशी अहिराणीत बोलत होती, तर मी तिच्यावर खेकसलो. ती रडली. शुद्धलेखनाच्या चुका माफ करा.

— एक वाचक

भाऊ,

पत्रात चूक एकही नव्हती. मी मुद्दाम दुसऱ्यांदा वाचून पाहिलं.

पोरं हसली हे एक वेळ विरून गेलं असतं. सर हसले, तिथे खरा घात झाला. वर्गाला मुभा मिळाली आणि तुमचं दाद मागायचं ठिकाण गेलं. तेरा वर्षांच्या पोराने त्यातून एवढंच घेतलं, की तोंड उघडलं की फजिती. आज मीटिंगमध्ये घाम फुटतो तो त्याच पोराला.

‘इतकी जुनी गोष्ट’ म्हणता, म्हणून एक सांगते. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पन्नाशीपर्यंत मागोवा घेतला गेला. त्यावरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा इतर मुलांनी छळ केला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त दिसलं. तुम्ही काही हळवेपणा करत नाही आहात.

कुणी म्हणेल, अहो, आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, बोलीची कसली लाज! (त्यांची बोली लेवा, तुमची अहिराणी, हे मला ठाऊक आहे, लेवा बोलणाऱ्या यावल-रावेरकरांनी लगेच पत्रं धाडू नयेत.) पण विद्यापीठावरच्या पाटीने आठवीतल्या पोराचं दुखणं जात नाही. अभिमान बाळगा असा सल्ला मी देणार नाही.

मला जास्त काळजी परवाच्या खेकसण्याची वाटते. तुम्ही पोरीला वाचवायला गेलात, हे मला कळतं. तिला मात्र एवढंच कळलं, की आजीसारखं बोललं की बाबा चिडतात. सर हसले होते, तुम्ही ओरडलात. हे वाचून वाईट वाटेल, पण हे एकच काम आजच्या आज होण्यासारखं आहे. तिला जवळ घ्या, ‘माझं चुकलं’ म्हणा आणि ‘माले’ची गोष्ट सांगा. नऊ वर्षांच्या मुलांना असल्या गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर कळतात, कारण त्या त्यांच्या वर्गातही चालू असतात. त्या वेळी बायकोही तिथे असू द्या. ती हसेल ही भीतीसुद्धा त्याच वर्गातली आहे.

स्नेहसंमेलनाला जायचं बंधन नाही. गेलात तर हिशेब चुकता करायला जाऊ नका. त्या माणसाला कदाचित काही आठवतही नसेल, आणि ते ऐकणं फार जिव्हारी लागतं. दोन जुने मित्र भेटणार असतील तर जा, जेवा, या. नावाचं मात्र आत्ताच सांगून टाका. ग्रुपवर नको, त्याला एकट्याला: ‘मला त्या नावाने हाक मारू नकोस, तेव्हाही आवडत नव्हतं.’ खाली हसरा चेहरा टाकायचा नाही. तो ‘गंमत होती रे’ म्हणेल. म्हणू द्या, त्यावर वाद घालू नका. माफ करायचं की नाही हे तुमचं तुम्ही, सवडीने ठरवा. नाहीच केलंत तरी काही बिघडत नाही.

घाम, धडधड, झोप न लागणं नेहमीचंच असेल तर समुपदेशकाशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तिथे बोलताना तरी वाक्य आधी लिहून घेऊ नका.

पोरीशी काय बोलणं झालं ते कळवा. पुढचं पत्र अहिराणीत धाडलंत तरी चालेल, मला वाचता येते.

— तुमची ताई