दोष चकलीचा की सोऱ्याचा?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आमवातासाठी काय काय सोडायचं त्याची यादी वाचायला लागलीस आणि मी मध्येच "कुकर उतरवते गं" म्हणून फोन ठेवला. कुकर वगैरे काही लावलेला नव्हता. गहू बंद, दूध बंद, साखर बंद, टोमॅटो, वांगं, बटाटा बंद, डाळी बंद, आंबट म्हणून जे जे असेल ते बंद. एवढं ऐकल्यावर माझ्या तोंडून काहीतरी तिखट गेलं असतं, आणि तू ते मनाला लावून घेतलं असतंस. म्हणून लिहायला बसले. उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण दुमडत नाही, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. तेवढ्यात राग उतरतो.

आधी एकच विचारते. गोळी चालू आहे ना? "महिनाभर डाएट करून बघते, मग गोळीचं ठरवू" असं तू म्हणालीस, ते मला झोंबलं. कारण अडतिसाव्या वर्षी मी शब्दन् शब्द हेच म्हणाले होते.

तेव्हा फळ्यावर लिहिताना माझ्या हातातून खडू निसटायचा. पोरांना वाटायचं बाई वेंधळ्या आहेत. सकाळी नळ फिरवता यायचा नाही, ब्लाउजची बटणं लावायला मुलीला हाक मारावी लागायची. तपासण्यांत आमवात निघाला, तुझ्या रिपोर्टवर आहे तोच, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट, म्हणजे तुझीच ती गोळी, सुरू झालं आणि महिन्याभरात काही फरक दिसेना. ती गोळी परिणाम दाखवायला दीड ते तीन महिने घेते, हे मला कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि मी ऐकलं नाही, देव जाणे. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी मला चाळीसेक पदार्थांची बंदी-यादी दिली आणि गोळ्या सोडायला सांगितल्या. सात महिने मी ते व्रतासारखं पाळलं. पहिला दीड महिना खरंच बरं वाटलं, चारचौघींत सांगतही सुटले. मग वजन नऊ किलोंनी उतरलं, हिमोग्लोबिन आठावर आलं आणि मधलं बोट वाकडं झालं ते झालंच. सूज औषधानं उतरते. एकदा झिजलेला सांधा मात्र कुठल्याही पथ्यानं भरून येत नाही.

मग तो पहिला दीड महिना बरं का वाटलं? याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. हे दुखणं आपणहून चढतं आणि उतरतं. नवं पथ्य माणूस कधी धरतो? अगदी जीव मेटाकुटीला आला की. म्हणजे चढ संपत आलेला असतो. पुढे उतार लागणारच असतो आणि त्याचं श्रेय आपण सोडलेल्या दह्याला देऊन मोकळे होतो.

तुझ्या आत्याच्या जावेचे गुडघे दही सोडल्यावर दुखायचे थांबले म्हणालीस. थांबले असतील. पण आपल्याकडे जे दुखेल त्याला 'वात' म्हणतात. १९९६ मध्ये संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली होती. हो, तू फ्लेमिंगो बघायला जातेस तेच उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसं तपासली. त्यांत सांधे, पाठ, स्नायू असं काहीतरी दुखतंय म्हणणारे शेकडा अठराच्या आसपास होते, आणि आपला आमवात असलेले शेकडा अर्धा. तेव्हा वात बरा झाल्याच्या ज्या गोष्टी तुझ्या कानावर येतील, त्यांतल्या बहुतेक दुसऱ्याच कुठल्यातरी दुखण्याच्या असणार. डाळी बंद करायचा सल्लाही असाच वाट चुकून तुझ्यापर्यंत आलाय. तो युरिक ॲसिडवाल्यांना, म्हणजे ज्याला वातरक्त म्हणतात त्या लोकांना देतात, आणि तिथेही आता डाळींपेक्षा दारू आणि मटणाकडेच जास्त बोट दाखवतात. तुला डाळ हवी आहे. घरून आलेला मूग-मटकीचा डबा शेजारणीला देऊ नकोस.

गव्हाबद्दल. काहींना गव्हाचं खरंच वावडं असतं, सीलिॲक म्हणतात त्याला, आणि तोही आपल्या दुखण्यासारखाच शरीर स्वतःवर उलटण्याचा प्रकार. शंका असेल तर रक्ततपासणी करून घे, पण गहू सोडायच्या आधी. सोडून दोन-तीन महिने झाले की तपासणीत नीट दिसत नाही, आणि मग जन्मभर 'असेल की नसेल' करत बसावं लागतं. तपासणी साफ आली तर खुशाल पोळी खा. दुधाचंही तसंच. तुला सध्या स्टेरॉइडची बारीक गोळी चालू आहे, ती हाडांतून कॅल्शियम काढते. दूध सोडायचंच असेल तर नाचणी आणि तीळ रोजच्या खाण्यात आण. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण नुसती चूल गार करून बसू नकोस.

आता मी काय केलं ते सांगते. बोट वाकडं झाल्यावर मी गोळीवर परत आले आणि एक वही घातली. शंभर पानी, शाळेचीच. रोज एक ओळ: सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली, आणि काल नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लं. बस. पदार्थ सोडायचा तर एका वेळी एकच, तीन आठवडे. मग परत खायचा, दोन-तीन दिवस लागोपाठ, आणि बघायचं. सासूबाई म्हणायच्या आंबट वैरी आहे. मी चिंच सोडली. तीन आठवडे मूठ वळायला सरासरी पन्नास मिनिटं. चिंच परत सुरू केली, पंचेचाळीस. आमटीत चिंच-गूळ पडल्यावर घरात जो आनंदीआनंद झाला तो वहीत लिहायला रकाना नव्हता. टोमॅटो, दही, वांगं, सगळं असंच तपासलं. माझ्या बाबतीत एकानंही काही केलं नाही. तुझ्या बाबतीत एखादं करेलही, म्हणून तर तपासायचं.

पण एक गुन्हेगार वहीत पक्का सापडला होता: चकली. लागोपाठ तीन वर्षं पाडव्यापर्यंत बोटं सुजून भजी झालेली. मी लाल शाईनं लिहून ठेवलं, 'तळण बंद'. चौथ्या वर्षी शाळेच्या कामात फराळ करायला सवड मिळाली नाही, म्हणून बचत गटाकडून आणला. आयतं समोर आल्यावर कसलं पथ्य, अकरा चकल्या खाल्ल्या. भाऊबीजेला मूठ वीस मिनिटांत वळली. विचार करत बसले, आणि कपाटावरचा पितळी सोऱ्या दिसला. सासूबाईंचा, दांडी फिरवायचा, चांगला दोन किलो वजनाचा. घट्ट मळलेली भाजणी त्यातून पिळायची, दोन दिवस, घरची आणि लेकीसुनांना वाटायची मिळून शंभर-दीडशे चकल्या. मी तीन वर्षं खाल्लेल्या चकलीला दोष देत होते आणि मनगट सोऱ्यानं मोडत होतं. त्या दिवशी वहीत तिसरा रकाना आखला: हातानं काय काम केलं, झोप किती झाली. मग सगळंच वेगळं दिसायला लागलं. उत्तरपत्रिका तपासायच्या आठवड्यात काहीही खाल्लं तरी दुखायचं.

तू दिवसभर लॅपटॉपवर असतेस. तिसरा रकाना पहिल्या दिवसापासून आख.

याचा अर्थ खाण्यानं काहीच होत नाही असा नाही. होतं, पण तुझ्या यादीच्या उलट दिशेनं होतं. काय सोडावं यापेक्षा काय घालावं याचा पुरावा बरा आहे. भूमध्य समुद्राकाठची माणसं खातात तसं खाणं, म्हणजे भाज्या, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, मासे, सुकामेवा, ऑलिव्हचं तेल, या दुखण्यात थोडा आराम देतं असं काही अभ्यासांत दिसलंय. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तेवढ्या एकाच आहाराची शिफारस केली, तीही सशर्त. बाकी नावाजलेली डाएटं आणि पूरक गोळ्या-पावडरी यांच्या विरुद्धच त्यांचं मत पडलं. आणि त्या आहारासाठी हजार रुपयांची बाटली आणायला नको. भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, शेंगदाण्याचं तेल बेतानं, मूठभर शेंगदाणे, पेरू. हे माझ्या आईच्या घरचं रोजचं जेवण होतं. फक्त त्याला कुणी डाएट म्हणत नव्हतं.

मासे खातेस हे उत्तम. पण पापलेट-सुरमईवर पैसे उधळू नकोस, बांगडा आणि तारली आण. स्वस्त, आणि आपल्याला हवी ती चरबी त्यांत भरपूर. तळू नकोस, तिखलं कर. या ओमेगा-३ चरबीनं सकाळचा आखडलेपणा कमी होतो असं दिसलंय, पण ते दिवसाला तीन ग्रॅमच्या आसपास आणि दोन-तीन महिने सलग घेतल्यावर. औषधांच्या दुकानातल्या साध्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये ते ०.३ ग्रॅम असतं. म्हणजे दिवसाला दहा गिळायच्या. एक गिळून 'फरक पडला' म्हणणाऱ्यांना मी नुसतं हसते. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून. जवस चांगलाच, पण त्यातल्या चरबीचं शरीर आपल्याला हव्या त्या रूपात फार थोडं रूपांतर करतं, तेव्हा तो बांगड्याच्या जागी नाही, बांगड्यासोबत.

उपासाचं विचारलं होतंस. नॉर्वेत ऑस्लोमध्ये आमवाताच्या ५३ रुग्णांवर एक गाजलेला प्रयोग झाला, १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्यांनी सात ते दहा दिवस उपास केला, नंतर काही महिने दूध आणि ग्लुटेन नसलेला शाकाहार, पुढे दुधासह शाकाहार. महिन्याभरात त्यांचे दुखरे सांधे कमी झाले आणि वर्षभरानंतरही गुण टिकला होता. ऐकायला छान आहे. पण त्यांचा उपास म्हणजे भाज्यांचं पाणी आणि रस, आपली एकादशी अन् दुप्पट खाशी नव्हे. नुसता उपास करून पूर्वीच्या जेवणावर परत आलेल्यांचं दुखणं परतलं, हे त्याआधीही दिसलेलं होतं. आणि तुझं वजन मुळात पंचेचाळीस किलो. साबुदाणा आणि वेदनाशामक गोळी एवढ्यावर नवरात्र काढायचं मनात असेल तर आत्ताच काढून टाक. ती गोळी रिकाम्या पोटी घेतलीस तर पोटात जखम व्हायला वेळ लागत नाही.

हळद, गुळवेल, एरंडेल. एरंडेलाबद्दल जुना श्लोक आहे, आमवात हा शरीराच्या रानात फिरणारा हत्ती आणि एरंडेल हा त्याला लोळवणारा सिंह. मला तो फार आवडतो. आवडतो म्हणून रोज रात्री चमचाभर घेतलं तर सिंह रात्रभर कुठे फिरवतो ते मी अनुभवलंय. हळद स्वयंपाकात हवी तेवढी घाल, कॅप्सूल मात्र नको. मिरीचा अर्क घालून तिचं शोषण वाढवतात आणि त्यानं काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. गुळवेलाचा काढा करोनात घरोघरी उकळत होता, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये त्यातून यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले. त्यावर वादही झाले. पण तुझ्या यकृतावर मेथोट्रेक्सेटचा भार आधीच आहे आणि गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणतात. तुझी तर चेतलेलीच आहे, तीच शांत करायला एवढा खटाटोप चाललाय. याच कारणानं ऑफिसच्या पार्टीत दारू नको.

दोन गोष्टी पटकन. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, वार ठरवून. चुकून रोज घेतलीस तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्या वाराचं नाव पाकिटावर मोठ्ठं लिही, आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलंय तसं. आणि पुढे मूल हवं असं ठरलं तर आधी डॉक्टरांशी बोल, ती गोळी निदान तीन महिने आधी थांबवावी लागते. हे तुला तुझी आई सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं.

वही घे आणि या आठवड्यापासून फक्त मिनिटं आणि तिसरा रकाना लिही, काही सोडू नकोस. पुढच्या पुनवेपर्यंत झालं की मला पानांचे फोटो पाठव, मग एखादा पदार्थ निवडू. दही निवड, तुझ्या आत्याचं समाधान होईल.

शेजारच्या वहिनी शनिवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर जवसाची चटणी देते आहे, लसूण थोडा जास्त पडलाय. मागच्या वेळी बरणी उघडेना म्हणून तू ती तीन दिवस तशीच ठेवली होतीस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. या वेळी झाकण मुद्दाम सैल ठेवलंय. पिशवी उभी धर.

तुझ्या,
बाई