पुण्याच्या मालकांनी एवढा पैसा घालूनही ब्लॅकबर्न रोव्हर्सचे चाहते नाराज का आहेत?

तुमचा प्रश्न असा आहे की पुण्याच्या व्यंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश क्लबमध्ये इतकी वर्षे स्वतःचा पैसा घातला, क्लब एकदाही बुडू दिला नाही, तरीही तिथले चाहते मालकांनी निघून जावे म्हणून फलक घेऊन का उभे राहतात, आणि हा कृतघ्नपणा नव्हे का. मी मूळचा पुण्याचा. नोकरीनिमित्त तीन वर्षे मँचेस्टरला राहिलो, त्या काळात ब्लॅकबर्नच्या ईवुड पार्क मैदानावर वीसएक सामने पाहिले आणि त्या क्लबचा लळा लागला. माझ्या मते हा कृतघ्नपणा मुळीच नाही. पैसा कमी पडला ही त्या लोकांची मुख्य तक्रार नाहीच. आपल्या क्लबचे निर्णय कोण घेते, कोणाच्या सल्ल्याने घेते आणि ते चुकले तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यांना आजवर कोणी नीट सांगितलेले नाही. त्यांचा राग त्याचा आहे.

हा राग समजण्यासाठी आधीचा मालक कसा होता हे माहीत असावे लागते. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले जुने कापड गिरण्यांचे गाव आहे. तिथला क्लब १८७५ चा, आणि १८८८ साली जी फुटबॉल लीग सुरू झाली तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. जॅक वॉकर याच गावात जन्मला, पोलादाच्या व्यापारात त्याने मोठी संपत्ती मिळवली, आणि १९९१ मध्ये क्लबची सूत्रे हाती घेतल्यावर त्यातली बरीचशी क्लबवर खर्च केली. केनी डॅल्ग्लिशसारखा व्यवस्थापक आणला, १९९२ मध्ये अ‍ॅलन शिअररला ब्रिटिश विक्रमी किमतीला घेतले, मैदानाचे तीन स्टँड नव्याने बांधले, आणि १४ मे १९९५ रोजी, अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलकडून सामना हरूनही, ब्लॅकबर्न प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीचा, विजेता झाला. पैशाच्या जोरावर विजेतेपद मिळवले, असे तेव्हाही अनेकांनी म्हटले आणि ते खोटे नव्हते. पण तो पैसा गावातल्या माणसाचा होता आणि तो माणूस सामन्यांना आपल्या खुर्चीत दिसत असे. आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. सामन्याच्या दिवशी त्याच्या पायाशी कोणी ना कोणी फुले ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

वॉकर २००० मध्ये वारला. त्याच्या पश्चात क्लब कुटुंबाच्या ट्रस्टकडे होता, आणि १९ नोव्हेंबर २०१० रोजी तो व्यंकीजने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. त्याखेरीज क्लबच्या डोक्यावरचे कर्जही आले. पुणेकरांना या समूहाची ओळख करून देण्याची गरज नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेला हा कुक्कुटपालनाचा उद्योग त्या क्षेत्रातल्या देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगांपैकी एक आहे. एका भारतीय कंपनीने प्रीमियर लीगमधला क्लब विकत घेण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्या आठवड्यात पुण्यात आम्हा फुटबॉलवेड्यांना अक्षरशः आकाश ठेंगणे झाले होते. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, रोव्हर्सचा संघ बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला, तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. रोव्हर्स ३-० ने जिंकले आणि निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या रंगाचा तो प्रसिद्ध शर्ट डोळ्यांसमोर पाहून आम्ही हरखून गेलो. त्याच वेळी ब्लॅकबर्नमध्ये संघ गुणतक्त्याच्या तळाशी अडकलेला होता आणि मोसमाच्या मध्यावर हा दौरा कशासाठी, असे लोक संतापाने विचारत होते, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. पुढे तिथल्याच माणसांकडून ते ऐकले तेव्हा मनाला फार लागले.

कारण तोवर नुकसान होऊन गेले होते. मालकी आल्यानंतर महिन्याच्या आत, १३ डिसेंबर २०१० रोजी, सॅम अलार्डाइस या अनुभवी व्यवस्थापकाला काढण्यात आले. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे घाबरण्याजोगी स्थिती नव्हती. त्यांच्या जागी प्रशिक्षकवर्गातले स्टीव्ह कीन आले, ज्यांनी त्याआधी कुठल्याही क्लबचे व्यवस्थापक म्हणून काम केलेले नव्हते. थोड्याच काळात क्लबचे जुने अध्यक्ष जॉन विल्यम्स हेही गेले. ज्यांना इंग्लिश फुटबॉलचा व्यवहार तोंडपाठ होता, अशी माणसे एकेक करून बाहेर पडली आणि त्यांची जागा सल्लागारांनी घेतली. नवा मालक नवखा असण्यात गैर काही नाही, नवखेपणा दोन-तीन वर्षांत जातो. पण घरात जाणती माणसे असताना त्यांनाच दूर करून बाहेरच्यांचा सल्ला घेतला गेला, ही सुरुवातीची चूक मला सगळ्यांत मोठी वाटते आणि पुढचे बरेचसे तिच्यातूनच आले.

७ मे २०१२ चा सामना तुम्ही कदाचित छायाचित्रांत पाहिला असेल. पाऊस पडत होता, विगनविरुद्ध हरलो तर प्रीमियर लीगमधून उतरणार हे ठरलेले होते, आणि कोणीतरी रोव्हर्सचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर त्या चित्रावर लोक हसले. पण ८७ व्या मिनिटाला विगनचा गोल झाला आणि अकरा वर्षांनी क्लब खालच्या श्रेणीत गेला, तेव्हा त्या स्टँडमध्ये कोणीही हसत नव्हते. मला त्या कोंबडीचे आजही वाईट वाटते. मुक्या जीवाला असे वापरायला नको होते. तरीही ते कृत्य का घडले हे समजते. त्या आधी कित्येक महिने लोक मोर्चे काढत होते, पत्रे लिहीत होते, आणि पुण्याहून उत्तर येत नव्हते.

श्रेणी घसरल्यानंतरचा पहिला मोसम तर कारभाराच्या गोंधळाचा नमुनाच होता. कीन यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, त्यांच्यानंतरचे मायकेल अ‍ॅपल्टन ६७ दिवस. बर्ग यांनी कराराप्रमाणे भरपाई मागितली तेव्हा प्रकरण इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेले. तिथे, तो करार करण्याचा अधिकार आपल्याच व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता, असा पवित्रा क्लबने घेतला. न्यायालयाने तो मानला नाही आणि बर्ग यांना सुमारे २२ लाख ५० हजार पौंड द्यावे लागले. क्लबमध्ये नेमका अधिकार कोणाचा, हा प्रश्न चाहते विचारत होतेच. आता क्लबच न्यायालयात तेच विचारत होता. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी उतरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी टोनी मोब्रे यांनी तो वर आणला आणि त्यानंतर काही वर्षे बरी गेली.

आता पैशाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख तिकडे आहे आणि इथे मालकांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, क्लब चालवणे हा आतबट्ट्याचा धंदा आहे. वर गेल्यास प्रक्षेपणाच्या हक्कांतून प्रचंड रक्कम मिळते, म्हणून वर जाण्याच्या आशेने प्रत्येक जण आपल्या ऐपतीबाहेर पगार देतो, आणि कित्येक क्लबांचे पगारच त्यांच्या एकूण उत्पन्नाहून जास्त होतात. तूट मालकाने भरायची. व्यंकीजने ती वर्षानुवर्षे भरली, कर्ज म्हणून दिलेल्या रकमेचे भांडवलात रूपांतर केले, आणि तरुण खेळाडू घडवणाऱ्या अकादमीचा वरचा दर्जा राखला. २०१९ मध्ये बरी नावाचा शेजारचाच क्लब पैशांअभावी लीगमधून काढून टाकला गेला. ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही, याचे श्रेय मालकांना द्यावेच लागेल. माझ्या परिचयाचे चाहतेही ते देतात.

मात्र ज्या पद्धतीत सारा क्लब एका खिशावर चालतो, तिथे तो खिसा अडकला की सगळेच अडकते. परदेशी पाठवलेल्या रकमांबाबत भारतात ईडीची चौकशी सुरू झाल्यानंतर, २०२३ पासून, क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि पाठवायच्या रकमेएवढी बँक हमी द्यावी लागली. चौकशीच्या गुणदोषांबद्दल मी काही बोलणार नाही, तो न्यायालयाचा विषय आहे. पण परिणाम पाहा. व्यवस्थापक जॉन डाल टोमासन यांच्या हाती खेळाडू घेण्यासाठी फारसे काही उरले नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. त्याच सुमारास अ‍ॅडम व्हॉर्टन विकला गेला. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला हा एकोणीस वर्षांचा मुलगा सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसकडे गेला आणि चारच महिन्यांनी इंग्लंडच्या युरो २०२४ च्या संघात होता. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत क्लबच्या वहीत कराराच्या वर्षांवर वाटून मांडतात, त्यामुळे तो विकला तरी उरलेली रक्कम वजा करूनच नफा धरावा लागतो. अकादमीतल्या मुलावर अशी खरेदी किंमत लिहिलेलीच नसते आणि त्याची सगळी रक्कम नफा ठरते. म्हणूनच अडचणीतला क्लब सर्वांत आधी घरचे पोर विकतो. त्या मोसमात सॅमी स्मॉडिक्सने लीगमध्ये २७ गोल करून संघाला तगवले. शेवटच्या दिवशी लेस्टरमध्ये जिंकून संघ वाचला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये स्मॉडिक्सही इप्सविचकडे गेला.

विक्री झाली म्हणून लोक इतके चिडत नाहीत. लहान क्लबांना विकावेच लागते आणि हे लँकेशायरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्यांना खुपते ते असे: जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन उसना घ्यायचे ठरले आणि नोंदणीची कागदपत्रे मुदत उलटल्यावर पोहोचली. त्या मोसमात संघ शेवटच्या दिवशी मिलवॉलच्या मैदानावर ४-३ असा जिंकूनही केवळ गोलफरकाने प्ले-ऑफला, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याच्या शेवटच्या जागेसाठीच्या सामन्यांना, मुकला. मध्यफळीत तो एक खेळाडू असता तर एखादा गुण जास्त मिळाला नसता का, हा प्रश्न मी त्या उन्हाळ्यात किती जणांच्या तोंडून ऐकला असेल, सांगता येत नाही. बरोबर एका वर्षाने ऑर्लँडोचा डंकन मॅग्वायर इंग्लंडला येऊन पोहोचला, आणि पुन्हा कागदपत्रांतल्या चुकीमुळे त्याचा व्यवहार फिसकटला. एकदा झाले तर अपघात म्हणता येईल, दोनदा झाले म्हणजे कारभाराकडे कोणाचे लक्ष नाही, असे लोक म्हणाले, आणि मलाही तेच वाटते. २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला गेला तेव्हाही निर्णय आधी झाला आणि कारण मागाहून कळले.

माझ्या शेजारच्या खुर्चीत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा बसत. गिरणीत काम केलेले, वडिलांचा हात धरून पहिल्यांदा ईवुडला आलेले, दर सामन्याला थर्मासमधून चहा आणणारे. मी कुठला, असे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले आणि 'पुणे' म्हणताना माझा आवाज आपसूक खाली आला. ते रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला आणि विचारले, 'तुम्ही त्यांना ओळखता का?' मी नाही म्हणालो. पुणे मोठे शहर आहे, असे काहीतरी सांगितले. थोडा वेळ ते मैदानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'कधी भेट झाली तर एवढे सांगा, पैसे नका आणू, पण एका शनिवारी येऊन इथे बसा. सामना बघा. आम्ही कोण आहोत ते बघा.' मालक बरीच वर्षे ईवुडला फिरकलेले नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तुम्ही विचारले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की, काही अपवाद वगळता, क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच राहिली पाहिजेत. इंग्लंडमध्ये तसे नाही. पण जुलै २०२५ मध्ये तिथे फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला, जो मालकांची पात्रता तपासेल आणि क्लबांना चाहत्यांशी नियमित सल्लामसलत करायला लावेल. या कायद्याने ब्लॅकबर्नला नवा खेळाडू मिळणार नाही. परंतु निदान वर्षातून काही वेळा क्लबच्या जबाबदार माणसाला चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बसून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. ईवुडचे लोक २०१० पासून तेवढेच मागत आहेत.